उशीवर कुणी झोपलंय का?

ईदचा दुसरा दिवस होता. पाहुण्यांची वर्दळ संपली होती, शिरखुर्म्याची पातेली घासून पालथी पडली होती आणि माझा पुतण्या बैठकीच्या कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन तोंड पाडून बसला होता. ॲनिमेशनचा कोर्स करून तो आता घरूनच काम करतो. फर्निचर विकणाऱ्यांना सोफा, गादी, उशी यांची कॉम्प्युटरवर केलेली चित्रं पुरवतो. फोटो नव्हेत, हुबेहूब फोटोसारखी दिसणारी चित्रं. त्या दिवशी एकच उशी तिसऱ्यांदा परत आली होती. गिऱ्हाइकानं एवढंच कळवलं होतं, की उशी खोटी वाटते. नेमकं काय चुकलंय हे त्या गिऱ्हाइकालाही सांगता येत नव्हतं आणि पुतण्यालाही उमगत नव्हतं.

अब्बा शेजारीच लोडाला टेकून बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी चष्मा सारखा केला, पडद्याकडे वाकले आणि म्हणाले, "ये तकिया है? मेरेकू तो साबन की वडी लगी." मग बोट थेट पडद्यावर टेकवून म्हणाले, "इसपो कोई सोया नै अबतक."

पोरं हसली. पुतण्याही हसला. मला मात्र हसू आलं नाही. तीन वेळा परत आलेल्या त्या उशीचा दोष माझ्या अब्बांनी एका वाक्यात सांगितला होता, आणि याच अब्बांचा धंदा मी एकेकाळी लपवला होता. आज मला या दोन गोष्टींबद्दल लिहायचं आहे.

आम्ही पिंजारी. कागदोपत्री नदाफ. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, तेव्हा शब्दाचं मूळ सांगायची खोड आहेच. 'नद्दाफ' हा अरबी शब्द, अर्थ कापूस पिंजणारा. दहाव्या शतकात बगदादला ज्यांना मृत्युदंड झाला त्या सूफी मन्सूर हल्लाज यांच्या नावातल्या 'हल्लाज'चाही तोच अर्थ. उत्तरेकडचे आमचे भाऊबंद स्वतःला मन्सूरी म्हणवतात ते याच नात्यानं. नाव असं थोर, पण गावात आमची ओळख आवाजावरून व्हायची. अब्बा खांद्यावर पिंजण टाकून खेड्यापाड्यांत फिरायचे, वेशीत शिरताना तातेवर एक ठोका द्यायचे. त्या टणत्काराला बायका घराबाहेर यायच्या आणि जुन्या गाद्या ओसरीवर आणून टाकायच्या.

बी.एड.च्या प्रवेशाचा अर्ज भरताना 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापुढे मी 'व्यापार' असं लिहिलं. तसं ते खोटंही नव्हतं, तोवर आमचं गादीचं लहानसं दुकान झालं होतं. पण मी ते का लिहिलं हे मला ठाऊक होतं. कापसाचा पुंजका केसांत अडकलेला बाप कॉलेजच्या फाटकात यावा असं मला वाटत नव्हतं. अब्बांनी तो अर्ज पाहिला होता. ते काही बोलले नाहीत.

आता पुतण्याच्या कामाकडे येतो. ते समजून घेतल्याशिवाय माझा मुद्दा पटणार नाही.

तो ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. ते फुकट आहे. १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या टॉन रोसेंदाल यांनी ते लिहायला घेतलं. पुढे कंपनी बुडाली, तेव्हा २००२ मध्ये लोकांनी सात आठवड्यांत १ लाख युरो वर्गणी काढून ते सगळ्यांसाठी खुलं करून घेतलं. हे मी मुद्दाम सांगतोय. गरीब घरातल्या पोराला आज लाखो रुपयांचं साधन विकत घ्यावं लागत नाही. साधनाची अडचण जवळपास संपली आहे.

उशी करायची तर आधी एक ठोकळा घ्यायचा. तो चपटा करायचा आणि त्याच्या पृष्ठभागाची जाळी बारीक बारीक करत न्यायची. जाळी जितकी बारीक तितकी सुरकुती बारीक पाडता येते. मग त्या जाळीला 'तू कापड आहेस' असं सांगायचं आणि आतून दाब द्यायचा. कापड फुगतं, शिवणीपाशी ओढलं जातं, चार चुण्या आपोआप पडतात. हे झालं गणितानं. त्यानंतरचं काम हाताचं. त्याला स्कल्प्टिंग म्हणतात, म्हणजे पडद्यावरची मूर्तिकला. पेन टॅबलेटवर पेन टेकवायचं आणि मातीसारखा तो पृष्ठभाग ओढायचा, दाबायचा, फुगवायचा, घासून गुळगुळीत करायचा. प्रत्येक कामाचा वेगळा ब्रश. ब्लेंडरमध्ये २०२० पासून कापडाचाच एक ब्रश आहे. त्यानं ओढलं की पृष्ठभाग मातीसारखा ताणला जात नाही, कापडासारखा दुमडतो. झेडब्रश नावाच्या दुसऱ्या, विकतच्या सॉफ्टवेअरमध्येही अशी सोय आहे.

एवढं सगळं हाताशी असून उशी खोटी का वाटत होती?

ईदनंतरचे चार दिवस अब्बा आणि पुतण्या त्या लॅपटॉपसमोर बसले. मी मधूनमधून जाऊन ऐकत होतो. अब्बांना माउस धरता येत नाही. पण त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. शिक्षकाची सवय.

पहिली गोष्ट हवेची. सॉफ्टवेअर उशीत जो दाब देतं तो हवेचा दाब. हवा सगळीकडे सारखी ढकलते, म्हणून उशी फुग्यासारखी टरटरीत होते. अब्बा म्हणाले, कापूस हवा नाही. कापूस बसतो. पिंजून भरला त्या दिवशी तो फुललेला असतो, चार महिन्यांनी मधे दबतो आणि कडेला सरकतो. एका कोपऱ्यात गाठ होते, दुसरा कोपरा पोकळ राहतो. म्हणून गादीला आरपार टाके घालायचे, कापूस जागचा हलू नये यासाठी. फोमचं तसं नाही, तो दाबला तरी पुन्हा वर येतो, त्याच्या सुरकुत्या उथळ आणि कमी. सावरीचा कापूस हलका आणि निसरडा, त्याची उशी हातानं जिथं दाबाल तिथं खळगा धरते. म्हणजे उशी करण्याआधी 'आत काय भरलंय' हे ठरवायला हवं. पुतण्यानं हा प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता. त्याच्या उशीत काहीच भरलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट मापाची. त्यानं १८ इंची चौरस उशी मागितली म्हणून १८ इंची चौरस केली होती, चारही कडा फूटपट्टीनं आखल्यासारख्या. अब्बांनी आतून एक रिकामी खोळ मागवली आणि ती जमिनीवर पसरली. मग तिच्यात कापूस कोंबला आणि पुन्हा जमिनीवर ठेवली. खोळ लहान झाली होती. कापड वर उचललं गेलं, की कडा मधोमध आत ओढल्या जातात आणि तिथंच चुण्या पडतात. चार कोपरे मात्र मागे राहतात आणि कान बाहेर काढतात. कान नको असतील तर बेतताना कोपऱ्याकडे कापड बोटभर आत घेत कापायचं. हे कुठल्याही गादीवाल्याला, अभ्रे शिवणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. चौकोनी दिसणारी उशी चौकोनी कापडातून निघत नाही.

तिसरी गोष्ट सुरकुतीची. पुतण्यानं उशी खरी दिसावी म्हणून तिच्यावर जागोजागी सुरकुत्या कोरल्या होत्या. अब्बा एकेकीवर बोट ठेवून विचारत होते, "ये कायकू पडी?" आणि पोराकडे उत्तर नव्हतं. सुरकुती उगाच पडत नाही. ती कुठून तरी निघते. टाक्यापासून निघते, बटणापासून निघते, शिवणीतला दोरा जास्त ओढला असेल तिथून निघते. दोन ताणांच्या मधे ती सरळ आणि लांब असते, दाब पडतो तिथं आखूड आणि जाड. निघाली की पुढे विरत जाते, मधेच तुटत नाही. जिला कारण नाही ती सुरकुती डोळ्याला खटकते, मग पाहणाऱ्याला ते शब्दांत सांगता येवो वा न येवो. त्या गिऱ्हाइकाचं हेच झालं होतं.

चौथी गोष्ट वजनाची. चित्रातली उशी सोफ्यावर जणू तरंगत होती. तिचा तळ गोलच होता आणि खालची बैठक सपाटच. खरी उशी ठेवली की तळाशी पसरते, बाजूला फुगते आणि जिच्यावर ठेवलीय त्या गादीलाही थोडं दाबते. दोन्ही मऊ वस्तू एकमेकींना जागा करून देतात.

आणि शेवटची गोष्ट, जी अब्बांनी पहिल्याच वाक्यात सांगितली होती. वापर. माणूस रोज एकाच जागी बसतो. तिथं बैठक खोलगट होते, कापड ताण हरवून सैल पडतं, मखमल असेल तर लव एका बाजूला लोळते आणि तिथली चमक बदलते. अगदी दुकानातल्या नव्या उशीवरसुद्धा ठेवणाऱ्याच्या हाताची खूण असते. पुतण्यानं सगळं आरशासारखं दोन्हीकडे सारखं केलं होतं. सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे, एक बाजू कोरली की दुसरी आपोआप होते. तेवढी एक सोय बंद केल्यावर निम्मं काम झालं.

पाचव्या दिवशी उशी पास झाली.

तुम्ही म्हणाल, एक म्हातारा गादीवाला आणि एक उशी, यावरून किती मोठा निष्कर्ष काढता? मग एक मोठं उदाहरण देतो. स्वीडनची आयकिया ही फर्निचरची कंपनी. तिचं दुकान २०२० च्या डिसेंबरपासून आपल्या नवी मुंबईतही आहे. या कंपनीनं कॅटलॉगमध्ये फोटोऐवजी कॉम्प्युटरवर केलेलं पहिलं चित्र २००६ मध्ये छापलं. ती एक साधी लाकडी खुर्ची होती. २०१४ पर्यंत त्यांच्या उत्पादनांची सुमारे ७५ टक्के चित्रं कॉम्प्युटरवरची झाली होती. पण मधल्या काळात त्यांचीही चित्रं खोटी वाटू लागली होती. थ्रीडी करणारी मंडळी तांत्रिकदृष्ट्या तरबेज होती, पण खऱ्या खोलीत प्रकाश आणि वस्तू कशा वागतात याची नजर छायाचित्रकारांकडे होती. त्यावर कंपनीनं उपाय काय केला? छायाचित्रकारांना थ्रीडी शिकायला लावलं आणि थ्रीडीवाल्यांना कॅमेरा हातात घ्यायला लावला. जुन्या हाताला निरोप दिला नाही. नव्या आणि जुन्या हातांना एका वर्गात बसवलं.

आपल्याकडे उलटं चाललं आहे. शहरागणिक थ्रीडीचे क्लास निघालेत. तिथं कुठलं बटण कुठं आहे ते शिकवतात, आणि बटणं तर यूट्यूबवर फुकट शिकता येतात. वस्तू कशी असते हे मात्र कुणी शिकवत नाही, कारण ते शिकवणारे लोक त्या क्लासच्या जिन्यावर चढलेलेच नाहीत. ते खाली रस्त्यावर दुकान मांडून बसलेत. गादीवाले, अभ्रे शिवणारे, सोफ्याला रेक्झिन चढवणारे, लोहार, सुतार. आमच्या मोहल्ल्यात असे लोक घरटी एक सापडतील. त्यांची पोरं त्यांच्याकडे पाठ करून कॉम्प्युटरसमोर बसतात आणि मग कॉम्प्युटरवर तीच वस्तू करायला जातात, जी बाप चाळीस वर्षं करत आला.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. सॉफ्टवेअर आता दुर्मीळ राहिलेलं नाही, नजर दुर्मीळ आहे. आणि ती नजर आपल्या घरात आहे. जिला आपण मागासपणाची खूण समजून लपवतो, तीच उद्याच्या पोराची पुंजी आहे.

याचा अर्थ पोरांनी पुन्हा पिंजण खांद्यावर घ्यावं असा कुणी काढू नये. अब्बांची छाती आजही रात्री घरघरते. कापसाच्या धुळीत आयुष्य काढलं त्याची ती किंमत. हाताच्या कामाचे गोडवे गाणारे बहुतेक लोक ते काम करत नसतात, हे मला चांगलं कळतं. पुतण्यानं लॅपटॉपवरच काम करावं. पण ज्या ज्ञानावर ते काम उभं आहे त्याला त्यानं ज्ञान म्हणावं, आणि शाळेनंही म्हणावं.

शाळेवर मी येणारच, माझा पेशा तो आहे. बी.एड.ला आम्हाला अध्यापनाची सूत्रं घोकायला लावायचे. ज्ञाताकडून अज्ञाताकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे. उत्तरपत्रिकेत मी ती बिनचूक लिहिली होती. पण माझ्या घरातलं ज्ञात म्हणजे कापूस, आणि तो मी अर्जातच पुसून आलो होतो. १९३७ मध्ये वर्ध्याला जी शिक्षण परिषद भरली, तिनं डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मुलाचं शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफावं, असा आराखडा त्या समितीनं मांडला. तो आपण टकळीसकट माळ्यावर टाकून दिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीच कल्पना धाकट्या रूपात परत आली आहे. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना, आणि त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकायचं. हे दहा दिवस सहल आणि रांगोळीत घालवू नयेत. सकाळी मुलांनी गादीवाल्याकडे बसावं, दुपारी तीच गादी शाळेच्या कॉम्प्युटरवर करून पाहावी. सकाळी हाताला जे समजलं ते दुपारी पेनानं उतरतं का, हे तपासावं. याला फार पैसा लागत नाही. कारागिराला 'या, मुलांना शिकवा' म्हणण्याची तयारी लागते, आणि त्याला मानधन देण्याची.

मानधनाचं मुद्दाम सांगतो. हा मुद्दा आमच्या घरातही निघाला. उशीचे पैसे पुतण्याला मिळाले, तेव्हा मी त्याला विचारलं की यात दादांचा वाटा किती? (आमच्यात आजोबांना दादा म्हणतात.) तो गोंधळला. घरच्या माणसाला काय द्यायचं? मी म्हणालो, क्लासला तू फी दिलीस, मग ज्याच्यामुळे काम पास झालं त्याला का नाही? त्यानं पैसे नेऊन दिले. अब्बांनी ते मोजले, खिशात घातले आणि म्हणाले, "अगला तकिया कब है?" नको-नको केलं नाही. मला ते फार आवडलं. कसबाचा मोबदला घेताना लाजायचं काय कारण?

एक शंका माझ्या मनात अजून आहे, ती झाकून ठेवत नाही. हे सगळं कसब शेवटी कशासाठी? न शिवलेली उशी शिवल्यासारखी दाखवण्यासाठी. उद्या चित्रात कापूस दिसेल आणि घरी फोमचे तुकडे भरलेली उशी येईल. अब्बांनी आयुष्यभर गिऱ्हाइकासमोर ओसरीवर बसून गादी भरली. आत काय घातलं ते गिऱ्हाईक डोळ्यांनी पाहायचं. पडद्यावरच्या उशीला ती ओसरी नाही. म्हणून मी पुतण्याला एवढंच सांगितलंय, की आत जे भरलं असेल तेच बाहेर दिसू दे. फोमची उशी असेल तर फोमचीच सुरकुती काढ. हा प्रामाणिकपणा कुठल्या ब्रशमध्ये येत नाही. तो मात्र दादांकडून फुकट घेतलास तरी चालेल.

माझ्या वाचकांत शिक्षक बरेच आहेत, आणि कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांचे आईबापही. तुमच्या घरात, गल्लीत कुणी हातानं काही करत असेल, तर आपल्या पोराला एक दिवस त्यांच्याजवळ बसवा. त्यानं पडद्यावर केलेली वस्तू त्यांना दाखवायला लावा आणि ते काय म्हणतात ते लिहून घ्यायला सांगा. पहिल्या दिवशी बहुधा हसूच होईल. होऊ द्या.

जूनमध्ये आमच्या शाळेत प्रवेशाचे अर्ज माझ्याच टेबलावर येतात. 'वडिलांचा व्यवसाय' हा रकाना अजून तसाच आहे. यंदा एक मुलगी तिथं पेन थांबवून बसली होती. मी विचारलं, वडील काय करतात? ती हळूच म्हणाली, गाद्या भरतात. मी म्हटलं, मग तेच लिही, माझे वडीलही तेच करायचे. तिनं वर पाहिलं, खरंच का सर, असं विचारलं आणि लिहिलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी हेच मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कदाचित अब्बांनी सांगायला हवं होतं. पण तेव्हा मी त्यांना बोलू दिलंच कुठं होतं?